बदली वादक, वाद्यवृंदातील

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या व्यावसायिक वाद्यवृंदात कायम नेमणुकीचा वादक अनुपस्थित असताना त्याच्या जागी वाजविणारा तात्पुरता वादक. एखाद्या रचनेस नेहमीपेक्षा अधिक वादक लागतात, तेव्हा बोलाविल्या जाणाऱ्या वादकास ‘जादा वादक’ म्हणतात. मात्र व्यवहारात दोहोंची निवड बहुधा एकाच यादीतून होते. बदली वादकास इंग्लंडमध्ये ‘डेप्युटी’ व अमेरिकेत ‘सब्स्टिट्यूट’ अशी संज्ञा रूढ आहे. अशा यादीत नाव समाविष्ट होण्यासाठी वादकाला जी चाचणी द्यावी लागते, ती व्यावसायिक वाद्यवृंदात प्रवेश करण्याची अनेकांची पहिली पायरी असते.

मोठ्या सिंफनी वाद्यवृंदात सामान्यतः ८० ते १०० वादक असतात. आजारपण, प्रसूती, दीर्घ रजा किंवा रिक्त पद यांमुळे त्यांतील काही जागा नेहमीच मोकळ्या असतात. शिवाय विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अनेक रचना कायम वादकसंख्येत मावत नाहीत. रिखार्ट श्ट्राउसच्या (१८६४–१९४९) ‘आल्प्स सिंफनी’ (१९१५) या रचनेत केवळ रंगमंचाबाहेरून वाजविण्यासाठीच बारा हॉर्न सांगितलेले आहेत. त्यामुळे बदली वादकांची तयार यादी बाळगणे ही वाद्यवृंदाची नित्याची गरज ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बदली वादक कोणी निवडावा, हा या प्रथेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील वादकांना कार्यक्रमागणिक मोबदला मिळे. अधिक पैशाचे काम चालून आले, की वादक आपल्या जागी दुसऱ्यास पाठवी; तो दुसराही कधी तिसऱ्यास पाठवी. परिणामी तालमीस एक संच व प्रत्यक्ष कार्यक्रमास दुसराच संच, अशी स्थिती संचालकांपुढे उभी राही. १९०४ मध्ये हेन्री वुड (१८६९–१९४४) संचालक असलेल्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदाच्या व्यवस्थापनाने ही पद्धत बंद केली. तेव्हा सुमारे ४० वादक बाहेर पडले व त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा हा स्वायत्त वाद्यवृंद स्थापन केला. हान्स रिक्टर (१८४३–१९१६) याच्या संचालनाखाली त्याचा पहिला कार्यक्रम ९ जून १९०४ रोजी झाला. वादकांची बाजूही अगदीच निराधार नव्हती; हंगामापुरत्या तुटपुंज्या प्राप्तीवर गुजराण होत नसल्यामुळे अन्य कामे घेणे त्यांना भाग पडे. १९३० मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन झाला, तेव्हा वर्षभराच्या पगाराची हमी देऊन या प्रश्नाचे मूळच दूर करण्यात आले. अशा रीतीने बदली वादक निवडण्याचा अधिकार हळूहळू वादकाकडून वाद्यवृंदाकडे गेला.

चाचणीचे स्वरूप : चाचणीसाठी वाजवावयाच्या उताऱ्यांची यादी उमेदवारास आगाऊ कळविली जाते. प्रारंभी एखाद्या कंचेर्टोचा भाग व त्यानंतर वाद्यवृंदरचनांतील चार-सहा छोटे उतारे, असा क्रम सामान्यतः असतो. अनेक ठिकाणी प्रथम ध्वनिमुद्रण मागवितात. उतारे मोजकेच असून जगभर जवळजवळ तेच प्रचलित आहेत. व्हायोलिनवादकास श्ट्राउसच्या ‘डॉन जुआन’चा प्रारंभ, मोट्सार्टच्या ३९ व्या सिंफनीचा अखेरचा भाग आणि मेंडेल्सझोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील स्केर्ट्सो हे उतारे बहुधा वाजवावे लागतात. चेलोवादकास बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग, हॉर्नवादकास चायकॉव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीतील एकलवादन, तर आघातवाद्यवादकास राव्हेलच्या ‘बोलेरो’तील (१९२८) ताशासारख्या लहान ढोलाचा ठेका वाजवावा लागतो.

या प्रत्येक उताऱ्याचे प्रयोजन निराळे आहे. ‘डॉन जुआन’च्या प्रारंभी स्वरांचा नेमकेपणा व गजाचे नियंत्रण जलद लयीत पारखले जाते. मेंडेल्सझोनच्या स्केर्ट्सोत गज तारेवर हलकेच उसळवीत प्रत्येक स्वर सुटा व समान उमटवावा लागतो. ‘बोलेरो’त एकच ठेका सुमारे पंधरा मिनिटे चालतो व त्याचा नाद अगदी सूक्ष्मापासून क्रमाने वाढत जातो. उमेदवार एकटाच वाजवीत असल्याने लय कोठे ढळली, हे परीक्षकांच्या तत्काळ लक्षात येते. त्या वाद्याच्या विभागाचा प्रमुख व काही सहवादक हेच बहुधा परीक्षक असतात. कायम पदाच्या चाचणीस अनेक फेऱ्या असतात. बदलीच्या यादीसाठी मात्र बहुधा एकच छोटी फेरी पुरेशी मानतात. पुष्कळ वाद्यवृंद कायम पदाच्या अंतिम फेऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या, पण निवड न झालेल्या उमेदवारांना या यादीत घेतात.

प्रत्यक्ष काम : यादीत नाव येणे म्हणजे काम मिळणे नव्हे. बोलावणे यादीतील क्रमानुसार किंवा विभागप्रमुखाच्या पसंतीने येते. ते कित्येकदा आदल्या दिवशी, क्वचित त्याच दिवशीही येते. चाचणीत ज्यांची परीक्षा होऊच शकत नाही, असे गुण या वेळी लागतात. गजाच्या खुणा विभागाने ठरविल्याप्रमाणे पाळणे, आपला नाद शेजाऱ्याच्या नादात मिसळू देणे आणि स्वरपट्टी जुळवून घेणे, हे त्यांतील मुख्य होत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘ए’ हा स्वर ४४० कंपनांचा असला, तरी बर्लिन व व्हिएन्ना येथे तो सुमारे ४४३ कंपनांवर लावतात. काही वाद्यवृंद, विशेषतः जर्मन परंपरेतील, संचालकाच्या हातवाऱ्यानंतर किंचित उशिराने स्वर उमटवितात. नवखा वादक हाताबरोबर वाजवू लागला, तर तो एकटाच आधी ऐकू येतो. त्यामुळे बदली वादकाची खरी परीक्षा पहिल्या तालमीतच होते. तीत तो उणा पडल्यास त्यास कोणी तसे सांगत नाही. पुढचे बोलावणे येत नाही, एवढेच.

मोबदला तालीम व कार्यक्रम यांच्या संख्येप्रमाणे मिळतो. कायम वादकाची पगारी रजा व नोकरीची शाश्वती बदली वादकास बहुधा नसते. मार्च २०२० मध्ये करोना महासाथीमुळे सभागृहे बंद पडली, तेव्हा केवळ बोलावण्यावर अवलंबून असलेल्या वादकांची प्राप्ती एकाएकी थांबली.

निवडीतील न्याय : ओळखीने बोलाविण्याची पद्धत सोयीची असली, तरी ओळखीच्या वर्तुळाबाहेरील वादकास ती बाहेरच ठेवते. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने १९५२ मध्ये पडद्याआडून चाचणी घेण्यास प्रारंभ केला. १९७० नंतर ही पद्धत अमेरिकेत सर्वत्र पसरली. उमेदवारास केवळ क्रमांक दिला जातो व पावलांच्या आवाजावरून तर्क होऊ नये, म्हणून कित्येकदा जमिनीवर गालिचाही अंथरतात. तथापि हा पडदा मुख्यत्वे कायम पदांसाठी होता. आर्थर डेव्हिस व अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मनिकविरुद्ध वर्णभेदाची तक्रार केली. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने १९७० मध्ये दिलेल्या निर्णयानुसार कायम पदांबाबतचा आरोप सिद्ध झाला नाही. बदली व जादा वादकांच्या निवडीत मात्र भेदभाव झाल्याचे आयोगास आढळले. व्हिएन्ना फिलहार्मनिकमध्ये हार्पवादिका आना लेल्केश दोन दशकांहून अधिक काळ वाजवीत होत्या. परंतु स्त्रियांना सदस्यत्व नसल्याने त्यांना ते १९९७ मध्ये मिळाले. क्लॉडिया गोल्डिन व सिसिलिया राउस यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पडद्यामुळे स्त्री-उमेदवारांना लाभ झाल्याचे दाखविले. त्यातील आकडेवारीच्या भक्कमपणाविषयी पुढे मतभेद झाले. बदलीच्या जागेवरील अनुभव व ओळखी कायम पदाकडे जाताना उपयोगी पडत असल्यामुळे या जागांसाठी खुली चाचणी घेणे महत्त्वाचे ठरते.

भारतातील स्थिती : ऐनवेळी बसून वाजविण्यासाठी स्वरलेखन पाहताक्षणी वाचता येणे अनिवार्य असते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले. त्यामुळेच मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत व मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रासारख्या प्रयत्नांत गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा राहिला. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. त्यात निवासी वादकांचा एक गाभा असून हंगामापुरते अनेक वादक परदेशांतून बोलाविले जातात. येथील तरुण वादकांना त्या जागा मिळावयाच्या, तर चाचणीची तयारी करून घेणारे दीर्घ शिक्षण येथेच उपलब्ध होणे आवश्यक आहे.