न रडणारा विधुर

पत्नी निवर्तल्यावर जो पुरुष रडत नाहीं, त्यास पाषाणहृदयी ठरवून आप्तमंडळी मोकळी होतात. हा न्याय किती उतावळा आहे, तें रितेश बत्रा यांच्या २०१३ सालच्या ‘द लंचबॉक्स’ या चित्रपटांत दिसतें. त्यांतील साजन फर्नांडिस (इरफान खान) हा मुंबईंतील विधुर कारकून. कचेरींत अबोल, शेजारच्या मुलांशीं तुसडा. डबेवाल्याकडून चुकून आलेल्या डब्याच्या निमित्तानें एका अनोळखी गृहिणीशीं त्याचा चिठ्ठ्यांचा व्यवहार सुरू होतो, आणि तो लिहूं लागतो: पत्नीच्या आवडत्या मालिकेच्या जुन्या फिती पाहिल्या, तिचें हसणें आठवलें. अश्रु आटले म्हणून प्रेम आटत नाहीं. अशा मुक्या विधुरास उपदेश न करितां, ‘वहिनींना काय आवडे?’ एवढेंच घरच्यांनीं विचारावें, असें आम्हांस वाटतें.