कूपर ब्लॅक: जाड अक्षराची मऊ कड

जाड टाइप म्हणजे दरडावणी, हा समज खोटा ठरवणारं अक्षरवळण म्हणजे कूपर ब्लॅक. शिकागोच्या ऑसवाल्ड कूपरने ते घडवलं आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने १९२२ साली बाजारात आणलं. कूपर जाहिरातींची अक्षरं हाताने रेखाटणारा, टाइप घडवणाऱ्या फ्रेडरिक गाउडीचा विद्यार्थी. मथळा गर्दीतून उठून दिसावा, ही जाहिरातदाराची नेहमीची मागणी. त्यासाठी अक्षर जाड करणं सोपं. जाड करूनही ते वाचणाऱ्याच्या अंगावर येऊ न देणं अवघड. कूपरने ते साधलं ते कडांच्या जोरावर. या वळणातला इंग्रजी ‘ओ’ मोठ्या आकारात पाहावा: आतली पोकळी चिंचोळी आणि डावीकडे रेललेली. उभ्या दांड्यांचे पाय सपाट नाहीत, खालून फुगीर आहेत. सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांचे छोटे फाटे, आहेत, पण बोथट, गोलसर. धारदार टोक शोधून सापडत नाही. ही गोलाई निव्वळ सजावट मानली जाते, ते मला पटत नाही. टायपाचा खिळा कागदावर दाबला की शाई कडेने थोडी पसरते. बारीक रेघांच्या आणि टोकदार कोपऱ्यांच्या टायपाचं रूप तिथेच बिघडतं. कूपर ब्लॅकचे कोपरे आधीच गोल, रेघा आधीच जाड. त्यामुळे सुमार छपाईतही त्याचं फारसं काही हरवत नाही.

परंपरा मानणाऱ्या मुद्रकांनी त्यावर नाकं मुरडली. सलग मजकुरात हे अक्षर गुदमरतं, हा त्यांचा आक्षेप खराच आहे, पण मथळ्यासाठी केलेल्या टायपाला तो लावणं अन्यायाचं. शिवाय बाजाराने कौल लगेच दिला. मोनोटाइप कंपनीला तोडीस तोड जाड टाइप हवा झाला आणि तो काढून दिला खुद्द गाउडीने. शिष्याच्या टायपाला गुरूने उत्तर द्यावं, यापेक्षा मोठी पावती कोणती?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आज हे अक्षर टिकलंय ते केवळ जुन्या दिवसांच्या ओढीने. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅड्स आर्मी’ या बीबीसीच्या मालिकेची शीर्षकं त्यात आहेत, आणि तिथे दुसऱ्या महायुद्धाचा काळ उभा करायचा होता, हे मान्य. पण त्याआधी दोनच वर्षं, १९६६ मध्ये, बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’च्या वेष्टनावर तेच वळण आलं, आणि ते संगीत मागे पाहणारं नव्हतं. साठच्या दशकातल्या या बहराला तांत्रिक कारणही होतं. धातूच्या खिळ्याला स्वतःचं अंग असतं, म्हणून दोन अक्षरांमध्ये फट राहतेच. खिळ्यांऐवजी फिल्मवरून अक्षरं जुळवणारं फोटोटाइपसेटिंग आलं आणि अक्षरं एकमेकांना खेटून बसवता येऊ लागली. गोल कडा अशा जवळिकीत सहज सामावतात. १९९५ मध्ये इझीजेट या नव्या स्वस्त विमान कंपनीने नाव लिहायला हेच वळण घेतलं. तिला ना इतिहास होता ना आठवणी; तिला हवं होतं लांबून, धावपट्टीवर पळतानाही वाचता येईल आणि तरी आपलंसं वाटेल असं नाव.