मधुकोश संरचनेची ऊर्जाशोषणक्षमता

मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे पातळ भिंतींचे षट्‌कोनी कोष्ठ एकमेकांस जोडून केलेल्या हलक्या रचनेस मधुकोश संरचना म्हणतात. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे ठराविक पट्ट्यांवर चिकटवून ती चवड ताणली म्हणजे कोष्ठ उघडतात. त्यामुळे प्रत्येक कोष्ठाच्या दोन भिंती दुहेरी जाडीच्या असतात.

कोष्ठांच्या अक्षाच्या दिशेने संपीडन केल्यास प्रतिबल प्रथम झपाट्याने वाढते व भिंतींना बाक येताच एकदम घटते. पुढे भिंतींवर एकामागून एक घड्या पडत जातात आणि प्रतिबल जवळजवळ स्थिर राहते. आघाताची बहुतेक ऊर्जा याच टप्प्यात, धातू कायमचा वाकण्यात खर्ची पडते. उंची मूळच्या सुमारे एक-चतुर्थांश उरली की घड्या एकमेकींस भिडतात, प्रतिबल पुन्हा वाढते व शोषण संपते. मोटारींच्या टक्कर-चाचणीतील अडथळ्याच्या मुख्य ठोकळ्याचे स्थिर प्रतिबल सुमारे ०.३४ मेगॅपास्कल असते. तो ७० टक्के चेपला गेल्यास दर घन मीटरमागे सुमारे २४० किलोजूल ऊर्जा शोषली जाते. कोष्ठाचा आकार तोच ठेवून भिंतीची जाडी दुप्पट केल्यास हे प्रतिबल तिपटीहून अधिक होते. आडव्या दिशेने मात्र तीच संरचना फारच दुबळी असते.

संरचना जितकी बळकट तितके संरक्षण अधिक, हा समज येथे चुकीचा ठरतो. प्रतिबल संरक्षित वस्तूस सोसवेल त्याहून जास्त असल्यास गाभा अभंग राहतो आणि वस्तू मोडते. आरंभीचा उच्चांक टाळण्यासाठी गाभा आधीच थोडा चेपून घेतात. २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या ‘चांद्रयान-३’ च्या अवतरकाच्या पायांत असे चेपणारे मधुकोश होते.

विमानाच्या मजल्यात याउलट गाभा चेपता कामा नये. नागपूर जिल्ह्यात हिंगणा तालुक्यालगतच्या मिहान प्रकल्पात टाटा समूहाच्या कारखान्याने बोइंग ७८७ विमानांसाठी मधुकोश-गाभ्याच्या संमिश्र तुळया बनविल्या; २०१९ साली तेथून २५,००० वी तुळई रवाना झाली. अशा दुपदरी फलकावर एखादे हत्यार पडले, तर वरचा पापुद्रा लवून पूर्ववत होतो, पण खालचे कोष्ठ चेपलेलेच राहतात. वरून निर्दोष दिसणाऱ्या त्या जागी फलकाचे बळ घटलेले असते. म्हणून पृष्ठभाग हलकेच ठोकून ऐकू येणाऱ्या बद्द आवाजावरून किंवा श्राव्यातीत तरंगांनी त्याची तपासणी करतात.