आर्मेनियन गल्लीतील चर्च

विद्यार्थी मित्रांनो, गावातील गल्ल्यांची नावे तुम्ही कधी लक्षपूर्वक वाचली आहेत का? तांबट आळी, कासार गल्ली, बोहरी मोहल्ला अशी नावे आपण रोज ऐकतो. कधीकधी तांबट दुसरीकडे निघून जातात, पण आळीचे नाव तेच राहते. चेन्नई शहरातही असाच एक रस्ता आहे. त्याचे नाव आर्मेनियन स्ट्रीट. आता तेथे आर्मेनियन लोकांची वस्ती उरलेली नाही. मात्र त्यांनी बांधलेले चर्च अजून उभे आहे. चला, आज आपण ते पाहू या.

आधी हे लोक कोण ते समजून घ्या. आर्मेनिया हा इराणच्या उत्तरेला असलेला डोंगराळ देश आहे. तेथील लोक फार प्राचीन काळापासून ख्रिस्ती आहेत. त्यांची भाषा वेगळी आणि लिपीही वेगळी. इ. स. 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या विद्वानाने ती लिपी तयार केली. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणचा बादशहा शाह अब्बास याने युद्धाच्या काळात अरास नदीकाठच्या जुल्फा शहरातील आर्मेनियन लोकांना तेथून हलवले आणि आपल्या राजधानीजवळ, इस्फहानला वसवले. घरदार सुटले, पण जुन्या गावाची आठवण म्हणून त्यांनी नव्या वस्तीला ‘नवे जुल्फा’ असे नाव दिले. येथूनच त्यांचे व्यापारी रेशीम घेऊन देशोदेशी जाऊ लागले. सुरत, आग्रा, कोलकाता, मद्रास आणि पार मनिलापर्यंत ते पोहोचले. मद्रास म्हणजेच आजचे चेन्नई.

आता चर्चच्या दारातून आत या. बाहेर रस्त्यावर मोटारींचा आणि हातगाड्यांचा गोंगाट आहे. आत पाऊल टाकताच तो कमी होतो. पांढऱ्या भिंती, शांत अंगण आणि चाफ्याची झाडे दिसतात. मद्रासमध्ये आर्मेनियन लोकांचे पहिले चर्च 1712 साली झाले. आज आपण पाहतो ते चर्च 1772 सालचे आहे. घंटाघर मुख्य इमारतीपासून वेगळे आहे. त्यात सहा मोठ्या घंटा आहेत. त्यांतील दोन घंटा 1837 साली लंडनला ओतल्या गेल्या.

जरा खाली पाहा. अंगणात आणि ओवरीत दगडी फरशा दिसतात ना? त्या साध्या फरशा नाहीत. त्या कबरी आहेत. येथे सुमारे साडेतीनशे आर्मेनियन माणसे चिरनिद्रा घेत आहेत. शिळांवर त्यांच्याच लिपीत लेख कोरलेले आहेत. ही लिपी उर्दूसारखी उजवीकडून नव्हे, तर मराठीसारखी डावीकडून वाचतात.

यांतील एक कबर हरुत्युन श्मावोन्यान या धर्मगुरूंची आहे. ते मूळचे इराणमधील शिराझचे. त्यांचे दोन मुलगे थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले. दुःखाने खचलेले श्मावोन्यान गावाबाहेर राहू लागले. तेथे दरवेशांच्या सहवासात त्यांनी फारसीचा अभ्यास केला. पुढे ते मद्रासला या चर्चचे धर्मगुरू म्हणून आले. त्यांनी छापखाना काढला आणि 1794 साली ‘अझदारार’ नावाचे मासिक सुरू केले. आर्मेनियन भाषेत निघालेले हे जगातील पहिले नियतकालिक होय! ते आर्मेनियात निघाले नाही, इराणात निघाले नाही. ते निघाले आपल्या देशात. त्यात व्यापाराच्या बातम्या, जहाजांची ये-जा आणि दूरदूरच्या आर्मेनियन लोकांची खबर येत असे. वाचक थोडे होते. सुमारे दीड वर्षाने ते बंद पडले. तरीही आज जगभरातील आर्मेनियन लोक ते नाव आदराने घेतात. श्मावोन्यान यांना अरबी आणि फारसी पुस्तके छापण्याची परवानगीही कर्नाटकच्या नवाबाने दिली होती. 1824 साली ते मद्रासमध्येच वारले.

मद्रासचा दुसरा प्रसिद्ध आर्मेनियन म्हणजे कोजा पेट्रस उस्कान. ‘कोजा’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे ‘ख्वाजा’! या श्रीमंत व्यापाऱ्याने 1726 साली अड्यार नदीवर स्वतःच्या पैशाने पूल बांधला. सेंट थॉमस टेकडीवर चढण्यासाठी पायऱ्याही केल्या. पुलाजवळच्या शिळेवर त्याने फारसी, आर्मेनियन आणि लॅटिन अशा तीन भाषांत मजकूर कोरवला. त्यातील फारसी अक्षरे तुम्ही सहज ओळखली असती. 1746 साली फ्रेंचांनी मद्रास जिंकले आणि त्याची मालमत्ता जप्त केली. “आमच्याकडे पाँडिचेरीला ये, सारे परत देऊ,” असे त्यांनी सांगितले. पेट्रसने नकार दिला. ज्या गावाने आपल्याला मोठे केले ते सोडायला तो तयार नव्हता. 1751 साली तो वारला. देह मद्रासच्या मातीत ठेवला गेला. पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे हृदय जुल्फाला नेऊन पुरले. एका माणसाची दोन गावे असू शकतात, ती अशी.

पुलाची जुनी इमारत आता नाही. 1966 साली त्या जागी नवा पूल झाला. चर्चमध्येही आता रोजची प्रार्थना होत नाही. त्याची देखभाल कोलकात्याचे आर्मेनियन लोक करतात. अशी चर्चे इतरत्रही आहेत. मुंबईला गेलात तर फोर्ट भागातील मेडोज स्ट्रीटवर जा. तेथे 1796 साली स्थापन झालेले आर्मेनियन चर्च आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी मशीद, दर्गा, मंदिर, विहीर किंवा पूल असेल. त्यावर एखादी शिळा असेल. पुढच्या वेळी तेथून जाताना क्षणभर थांबा. लेख उर्दूत किंवा फारसीत असेल, तर तो शेजारच्या मराठी शाळेतील मित्राला वाचून दाखवा. मोडीत असेल, तर ती वाचणाऱ्या जाणत्या माणसाला शोधा. वाचणारा असेल तोवर दगड बोलत राहतो.

शब्दार्थ
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, साप्ताहिक इत्यादी
ओवरी – इमारतीच्या कडेची छप्पर असलेली जागा
चिरनिद्रा – कायमची झोप, मृत्यू
जप्त करणे – सत्तेने ताब्यात घेणे

स्वाध्याय
1. नव्या वस्तीला ‘नवे जुल्फा’ हे नाव का दिले?
2. ‘अझदारार’ मासिकाचे महत्त्व सांगा.
3. ‘एका माणसाची दोन गावे असू शकतात,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
4. खबर, कबर, शहर यांसारखे मराठीत आणि उर्दूत आढळणारे आणखी पाच शब्द लिहा.