गोधडीखालचा स्टुडिओ

‘तुमच्या स्टुडिओतला आवाज फार स्वच्छ येतो हो,’ असं ऐकणारे कळवायचे तेव्हा आम्ही गालातल्या गालात हसायचो. स्टुडिओ कसला! देवासला मित्राच्या घरी पलंग आणि कपाट यांच्यामध्ये त्याच्या आईची जाड गोधडी टांगलेली. आत दोघं मांडी घालून, मध्ये एक माइक. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकला आमच्यापेक्षा आधी ऐकू जाते. नवरात्रात टेकडीवरच्या देवीच्या आरत्या गोधडीही अडवू शकत नसे, म्हणून ते नऊ दिवस सुट्टी.

तो देवासचा, मी धारचा. देवासला एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या मोटरसायकल शर्यतींवरच्या पॉडकास्टचंही तसंच होतं. कुठल्याही रायडरवर आमचं एकमत झालं नाही. ती भांडणं लिहून आणलेली असतात असा लोकांचा समज होता. लिहायला वेळ कुणाला होता?

या नादाचं मूळ मात्र माझ्या जिल्ह्यात, पिथमपुरात. तिथे कायनेटिक होंडा बनायची, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर, म्हणजे आमच्या लहानपणी चमत्कारच. 2008 मध्ये कायनेटिकचा स्कूटरचा धंदा महिंद्राने घेतला आणि 2011 मध्ये तीच महिंद्रा 125 सीसीच्या जागतिक शर्यतीत उतरली. गाडी इटलीत घडलेली, पण आम्हाला ती पिथमपूरचीच. 2013 मध्ये सेपांगला मिगेल ओलिव्हेराने महिंद्राला मोटो3 मध्ये तिसरा क्रमांक मिळवून दिला आणि त्याच आठवड्यात आम्ही गोधडी टांगली.

आता एक गोष्ट, जी आजवर कुणाला सांगितली नाही. 26 जून 2016, असेन. ही शर्यत वर्षानुवर्षं शनिवारी व्हायची, त्या वर्षी पहिल्यांदा रविवारी झाली. पेको बान्याइयाने मोटो3 जिंकली. महिंद्राचा पहिला विजय! आम्ही गोधडीत शिरलो आणि पाऊण तास अक्षरशः ओरडलो. देवासवाला मध्येच रडला. गळे बसल्यावर मी लॅपटॉपकडे पाहिलं, तर लाल दिवा लागलेलाच नव्हता. बटण दाबलंच नव्हतं. कुणी, ते विचारू नका. आठ वर्षं त्यावरही दोन पात्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो सगळा आनंद आम्ही पुन्हा केला, ठरवून. ‘अरे, तू इथे रडला होतास,’ मी खुणेने सांगितलं. त्याने नाक ओढलं. आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग तोच.

त्या संघात बान्याइयाच्या जोडीला आणखी एक पोरगा होता, होर्हे मार्टिन. देवासवाल्याने तो उचलला, मी पेको धरला. 2017 नंतर महिंद्राने मोटो3 सोडली, आम्ही पोरं सोडली नाहीत. 24 सप्टेंबर 2023 ला ती दोघं ग्रेटर नोएडात आली. उन्हामुळे शर्यत 24 फेऱ्यांवरून 21 वर आणली होती. माझा पेको दुसऱ्या जागेवरून पडला. मार्टिन दुसरा आला आणि उन्हाने कोसळला. परतीच्या गाडीत जे रेकॉर्ड केलं त्यात निम्मा वेळ भेळवाल्याचा आवाज आहे. तो मी मुद्दाम ठेवला.

का थांबलो? कारण साधं आहे. त्याची बदली झाली, आणि फोनवर भांडणात मजा नाही. शेवटची तारीख आम्ही ठरवली नव्हती, ती त्या दोघांनी ठरवली. 17 नोव्हेंबर 2024, बार्सिलोना. विश्वविजेतेपदासाठी आमने-सामने कोण, तर महिंद्राची तीच दोन पोरं. पेकोने त्या वर्षी 11 शर्यती जिंकल्या आणि तरी 10 गुणांनी हरला. देवासवाला जिंकला. पण त्याने ना आरडाओरडा केला, ना मला डिवचलं. गोधडीखाली इतकी शांतता पूर्वी कधीच नव्हती. शेवटी मीच म्हटलं, ‘बोल की रे, लाल दिवा लागलाय.’

भाग संपायला साडेअकरा झाले. बाहेर काकू शाल गुंडाळून दारात उभ्या होत्या.

‘झालं का तुमचं? थंडी पडलीय. आता तरी माझी गोधडी द्या.’