रिमोट आजींच्या हातीं
गाणीं, कीर्तनें, चित्रपट यांचा सांठा असलेला छोटा संगणक हल्लीं अनेक घरांत टीव्हीस जोडलेला असतो. पण तो चालविण्याची कला बहुधा एखाद्या कॉलेजकुमारासच अवगत असते. स्वारी बाहेर पडली कीं आजींचें कीर्तन बंद! हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

निराळा रिमोट घेण्यापूर्वीं एवढें पाहावें. एचडीएमआय तारेंतून चित्र व आवाजच जातात असें नव्हे. सीईसी या सोयीनें टीव्हीच्याच रिमोटच्या आज्ञा संगणकापर्यंत पोंचतात. सॅमसंग तिला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिंपलिंक’, तर सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. बारशाच्या या हौसेमुळें ती सांपडतांना पुरेवाट होते! टीव्हीच्या सेटिंग्जमध्यें ती चालू करावी. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर ‘कोडी’ असल्यास बाणांच्या कळा बहुधा लागलीच चालूं लागतात. साध्या पीसीस ही सोय सहसा नसते. त्यास यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर व त्याजोगा रिमोट घ्यावा. रिसीव्हर मात्र कपाटाआड ठेवूं नये. ते किरण लांकडांतून जात नाहींत.

मग रिमोट आजींच्या हातीं द्यावा, आणि कॉलेजकुमारानें हात मागें बांधून नुसतें पाहात बसावें.