मदरबोर्ड पारखून घ्या

मालाडहून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरले, की जवळच लॅमिंग्टन रोड. कॉम्प्युटरचे सुटे भाग तिथे मिळतात. ते आणून आपण घरी कॉम्प्युटर जुळवू शकतो. पण साठवलेला पैसा पाण्यात जाऊ नये, म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा.

मदरबोर्ड म्हणजे घराचा पाया. बाकीचे भाग त्यालाच जोडतात. आधी प्रोसेसर ठरवा. मग त्याला जुळणारा मदरबोर्ड घ्या. प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. 'एएम ४'चा प्रोसेसर 'एएम ५'वर बसत नाही. बळेच दाबला तर पिना वाकतात.

रॅमचेही तसेच. 'डीडीआर ४'ची पट्टी 'डीडीआर ५'च्या स्लॉटमध्ये जात नाही. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते.

मापही बघा. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ रुंद असतो. लहान कॅबिनेटमध्ये तो मावायचा नाही. रंगीत दिव्यांना भुलू नका. दिव्यांनी काम लवकर होत नाही.

ही नावे कागदावर लिहून न्या. खोक्यावरची अक्षरे स्वतः वाचा, ताडून बघा, मगच पैसे मोजा. पक्की पावती मागायला लाजू नका. वॉरंटीच्या वेळी तीच कामी येते. आता आपल्याला वाचता येते, मग फसायचे कशाला?